मातीचे विरजण

परवा प्रयोगशाळेत पहिल्या वर्षाच्या एका विद्यार्थ्याने हळदीत भिजवून वाळवलेल्या कागदाच्या पट्टीवर चुन्याच्या निवळीचा थेंब सोडला. पट्टी लाल झाली. "बाई, हे असं का होतं?" त्याने विचारले. हळदीतल्या रंगाची चुन्यासारख्या दाहक पदार्थाशी गाठ पडली की तो कसा बदलतो, हे मी त्याला सांगितले. त्याने ते वहीत उतरवून घेतले आणि पुढच्या नळीकडे वळला. उत्तर बरोबर होते. मी मात्र त्या पट्टीकडे जरा जास्त वेळ पाहत राहिले असावे, कारण प्रयोगशाळेतल्या शिपायाने दोनदा विचारले, "बाई, दिवा विझवू?"

मार्गशीर्ष लागला आहे. पुण्याला त्याचे फारसे काही वाटत नाही. काळी नदीच्या काठी, आमच्या सुप्याला, या दिवसांत भात कापून खळ्यावर आलेले असते. मळणीच्या बैलांच्या पायांखालून निघणारी ती कोरडी, किंचित गोडसर धूळ साऱ्या गावाच्या केसांत बसलेली असते. पावसाळाभर अंगणापर्यंत आलेले जंगल या दिवसांत दोन पावले मागे सरते, हिवतापाने पिवळी पडलेली पोरे उन्हात येऊन बसतात, आणि शाळेच्या मागच्या छपरात तालमीचा हौद पुन्हा उघडतो. पंचांग काहीही म्हणो, माझ्या लेखी वर्षाची सुरुवात हौद उघडण्याच्या दिवशी होई. पावसात कुस्ती बंद असे, जोर-बैठका तेवढ्या छपरात चालत. ओल धरलेली माती चार महिने पोत्यांखाली झाकून ठेवलेली असे. दिवाळी झाली की रवळू वस्ताद ती पोती काढत, फावड्याने माती वरखाली करत, आणि तिच्यात तेल, ताक, लिंबाचा रस, कापूर आणि हळद घालत. त्या वासाचे पृथक्करण आज मी करू शकते. त्याने त्याचा प्रभाव कमी झालेला नाही.

वस्ताद आमच्या शाळेत तालीम शिकवत. ते मूळचे बाजारकुणंगचे, जंगलातली शेती आणि सागाचे ओंडके ओढण्याची मजुरी करणाऱ्या घरातले. विशीत कधीतरी ते बेळगावच्या बाजूला जाऊन एका तालमीत राहिले, कुस्ती शिकले, आणि इतर लोक जिथून नाव काढायला पुढे जातात तिथून ते उलटे फिरून जंगलात परत आले. का, असे मी एकदा विचारले होते. "तिकडं शिकिवणारं लई हुतं. हिकडं कोण हुतं?" एवढेच ते म्हणाले. त्यांचे दोन्ही कान घासून घासून सुकलेल्या अंजिरासारखे झाले होते. लहानपणी मला वाटे, मास्तर लोकांचे कान असेच असतात. माझ्या वडिलांचे, अप्पांचे, म्हणजे शाळेच्या हेडमास्तरांचे, तसे का नाहीत याचे मला कोडे होते.

त्यांच्या शिकवण्यात कुस्ती किती आणि बाकीचे किती, हे सांगणे अवघड आहे. पोरगा छपरात शिरला की ते आधी त्याची पापणी खाली ओढून पाहत, मग पोटाला हात लावून हिवतापाने पाणथरी, म्हणजे प्लीहा, वाढली आहे का ते चाचपत. ताप असलेल्याला जोर काढू देत नसत. पोस्टात मिळणारी, हिवतापावरच्या कडू कोयनेलची पुडी त्याच्या जिभेवर ठेवत आणि तो थुंकणार नाही इतका वेळ त्याचे नाक धरत. "काय खाल्लंस?" हा त्यांचा पहिला प्रश्न. उत्तर बहुतेक 'पेज' असे. मग त्यांच्या म्हशीचे दूध त्या पोराच्या वाट्याला जाई. कुस्ती संपली की जिंकलेल्याने हरलेल्याच्या पाठीची माती आधी पुसायची, मग स्वतःची, असा त्यांच्या हौदाचा नियम होता. एखादा जिंकून नाचायला लागला की ते ओरडत, "नाचायचं मग! पाठ कोण पुसणार, तुझा आज्जा?"

आणखी एक रीत होती, आणि माझी हकिकत तिच्यावरच उभी आहे. हौदातली माती ते कधीही संपूर्ण बदलत नसत. दर वर्षी नवी तांबडी माती येई, पण जुनी तळाला राहील इतकी ठेवूनच. जुनीमुळे नवी 'लागते', असे ते म्हणत, जसे विरजणामुळे दूध लागते. शाळा सोडून जाणाऱ्या प्रत्येक पोराला ते सागाच्या पानात बांधून दोन मुठी माती देत. "गावात हौद खण, ही घाल, चार पोरं जमव," एवढाच उपदेश. पोरे आपापल्या वाडीवर, लाकडाच्या अड्ड्यावर, रेल्वेवर पांगत. त्या मातीचे पुढे काय होई, याची विचारपूस वस्ताद करत नसत.

ज्या वर्षाविषयी मी लिहीत आहे, त्या वर्षी मी बेळगावच्या शाळेतून दिवाळीच्या महिनाभराच्या सुट्टीत घरी आले होते. आम्हांला रसायनाचे पहिले धडे सुरू झाले होते, आणि जगातल्या बहुतेक प्रश्नांची उत्तरे माझ्याकडे आहेत अशी माझी खात्री झाली होती. त्या वर्षी तालमीतल्या पोरांना नायटा झाला. आधी दोघांना, मग सात-आठ जणांना. मांड्यांवर, कमरेवर वर्तुळे उठली. वर्गात पोरे बाकाला घासून खाजवू लागली. आयाबाया येऊन आमच्या ओसरीवर बसू लागल्या. एका सकाळी अप्पांनी वस्तादांना बोलावून घेतले. मी दाराआड होते.

"रवळू, जत्रेपर्यंत वाट बघतो," अप्पा म्हणाले. "जत्रेच्या आदल्या दिवशी पोरांना रांगेत उभं करून बघेन. नायटा गेला असला तर ठीक. नाही तर हौद बुजवून मी तिथे भाजीचे वाफे घालीन. शाळेत पोरं शिकायला येतात, खाजवायला नाही."

"वाफं घालून काय करताय हेडमास्तर? वानरं ठेवतील व्हय?" वस्ताद हसले, मग हसणे थांबले. "बघतो. जत्रंपतूर बघतो."

जाताना ते हौदापाशी थांबले. पाठमोऱ्या माणसाकडे पाहूनही कळते, असे काही असते. मी पाहिले आणि ठरवले, की हा प्रश्न आपण सोडवायचा. विचार सरळ होता. नायटा सूक्ष्म जीवांमुळे होतो. पोरे मातीत लोळतात. म्हणजे जीव मातीत आहेत. चुना जीव मारतो; पटकीच्या साथीत विहिरीत, मोरीत चुनाच टाकतात. दिवाळीआधी शाळेला सफेदी केली होती आणि उरलेला कळीचा चुना व्हरांड्यातल्या पिंपात होता. यातले प्रत्येक विधान मला सिद्ध झालेले वाटत होते, आणि त्यातले तिसरे मी तपासलेच नव्हते.

भर दुपारी, सारा गाव खळ्यावर असताना, मी तालमीत शिरले. तिथे बाईमाणसाने पाऊल टाकायचे नाही, हे मला माहीत होते. कोपऱ्यात मारुती होता. मी त्याला मनातल्या मनात सांगितले की हे शास्त्र आहे. पाटीने चुना आणून पसरला, फावड्याने कालवला. माती गरम झाली, तिच्यातून वाफ निघाली. ओल्या मातीत कळीचा चुना फुलतो हे पुस्तकात होते, म्हणून मला उलट आनंदच झाला. वर पोती नीट घालून मी घरी आले आणि जेवले. त्या जेवणाची चवही मला आठवते. उकडा भात आणि कुळथाचे पिठले. फार समाधानाने जेवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओरडा ऐकू आला. पुंडलिक नावाचा चौदा-पंधरा वर्षांचा पोरगा सर्वांत आधी मातीत उतरला होता. त्याच्या पाठीवर आणि गुडघ्यांवर चट्टे उठले होते. माती तर ओळखू येत नव्हती. रव्यासारख्या मऊ मातीचे चिकट, कडक खडे झाले होते, आणि आठच दिवसांपूर्वी हळद घातलेल्या त्या मातीत जागोजागी लालभडक ठिपके उमटले होते. छपरात माणसे जमली. गावातले जाणते म्हणून सगळे ज्यांना नाना म्हणत, त्यांनी काठीच्या टोकाने एक ठिपका उकरला.

"कुंकू हाय हे," नाना म्हणाले. "बाईमाणूस शिरलंय हौदात. मारुतीला चाललं न्हाई, म्हणून पोरगं भाजलं. आता ह्या मातीत कोण पोरगं घालणार? बुजवा ह्यो हौद."

दोघातिघांनी माना हलवल्या. पुंडलिकाच्या आईने त्याचा दंड धरला, "चल घरला." मी आमच्या कुंपणापाशी उभी होते, हात पदरात गुंडाळून, कारण चुन्याने माझी बोटे फुटली होती. वस्ताद वाकले, एक खडा उचलून बोटांत चुरला, हुंगला. मग त्यांनी मान वर केली. त्यांची नजर कुंपणावरून फिरली, माझ्या पदरावर क्षणभर टेकली आणि पुढे गेली.

"नाना, कुंकू कशापासनं करत्यात?"

"दुकानातनं आणत्यात."

"आनि दुकानदार?"

मागून वस्तादांच्या बायकोचा, गंगाक्कांचा, आवाज आला, "हळद नि चुना की वो! तुमच्या आयेनं केल्यालं बघितलं न्हाई व्हय कवा? का नुसतं कपाळच बघितलासा?"

लोक हसले. त्या हसण्यातच वस्ताद म्हणाले, "चुना मी टाकला. शाळंच्या पिंपातला. नायटा जाईल म्हटलं. माझी अक्कल कमी पडली. मारुतीचा काय बी संबंध न्हाई." आणि पुंडलिकाच्या आईकडे वळून, "बाय, पोरगं माझ्यामुळं भाजलं. मला बोल काय बोलायचं ते."

ती बोलली. पुष्कळ बोलली. ज्या माणसाने वीस वर्षे त्या मातीत एक खडा राहू दिला नव्हता, तो खाली मान घालून ऐकत होता. अप्पा छपराच्या खांबाला टेकून उभे होते. त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही.

लोक गेल्यावर मी वस्तादांच्या परसात गेले. मी काही बोलण्याआधी त्यांनी माझे हात पुढे ओढले. "पाणी लावलंस व्हय गे? आधी तेल लावायचं." गंगाक्कांनी खोबरेल आणले. मी म्हटले, मी सगळ्यांना सांगते, आत्ता सांगते. ते तेल चोळत राहिले.

"तू सांगितलंस तर नाना म्हणतंय ते खरं हुतंय. मग चुन्यानं न्हाई, तुझ्या पायानं पोरगं भाजलं म्हणतील. उद्यापास्नं एक पोरगं येणार न्हाई. मी चुकलो तर मला चार शिव्या. तू चुकलीस तर हौद गेला. कळलं?"

कळले. इतके स्वच्छ तर्कशास्त्र मला त्यापूर्वी कोणी शिकवले नव्हते, आणि त्यानंतरही क्वचितच.

हौद तळापर्यंत उपसावा लागला. विरजणासाठी एक मूठही उरली नाही. बारा दिवसांवर जत्रा होती, आणि जत्रेत त्या हौदात शाळेच्या पोरांच्या कुस्त्या झाल्या नाहीत तर अप्पांनी बुजवण्याआधीच हौद बुजल्यासारखा होता. वस्ताद रिकाम्या खड्ड्याच्या काठावर बसून राहत. मी त्यांना बसलेले पहिल्यांदाच पाहत होते.

तिसऱ्या दिवशी इराप्पा आला. तो जुना विद्यार्थी, आता कॅसलरॉकच्या स्टेशनावर रुळांचे सांधे बदलणारा सांधेवाला. बातमी त्याला लाकडाच्या गाड्यांवरून कळली होती. त्याच्या हातात बिस्किटांचा पत्र्याचा डबा होता.

"वस्ताद, माती आणलीया. पण निम्मीच हाय. निम्मी आमच्या सायबानं गुलाबाला घातली."

"गुलाब आला?"

"आला की! पैलवान झालाय."

वस्तादांनी चिमूट घेऊन हुंगली आणि डब्यात परत टाकली. मग रोज कोणी ना कोणी येऊ लागले. बाजारकुणंगचे दोघे भाऊ कावड घेऊन आले. वाटेत कोणी जास्त सांडली यावरून त्यांचे भांडण अजून चालू होते. कोणी घोंगडीत बांधून आणली, कोणी मडक्यात. जंगलातल्या एका वाडीवरून एक मध्यम वयाचा शेतकरी आला आणि बराच वेळ दाराशीच घुटमळला. त्याच्या हातात सागाच्या पानाची जुनी पुडी होती. पानाच्या नुसत्या शिरा राहिल्या होत्या.

"वस्ताद, मी हौद खणलाच न्हाई," तो म्हणाला. "आढ्याला बांधून ठेवली हुती. येळच न्हाई मिळाला."

आता याला बोलणी बसणार, असे सगळ्यांना वाटले. वस्तादांनी पुडी दोन्ही हातांनी घेतली. "माझ्या पयल्या वर्साची माती हाय ही," ते म्हणाले. "माझ्याकडं सुद्दा एवढी जुनी ऱ्हायली नव्हती. तुला येळ मिळाला न्हाई म्हणून वाचली बघ." तो माणूस भिंतीकडे तोंड करून उभा राहिला, आणि इराप्पाने त्याच्या पाठीत एक गुद्दा घातला.

डोंगराकडची नवी तांबडी माती या जुन्या विद्यार्थ्यांनीच खणून आणली. ती चाळायला बायका हव्या होत्या. हौदात बाईचे पाऊल चालत नव्हते, हौदातली माती मात्र बाईच्या हातून चाळलेली चालत होती; ही विसंगती नानांना दिसली नाही. मला दिसली. वस्तादांनाही दिसली असावी, कारण मोठी चाळण त्यांनी माझ्याच हातात दिली.

नायट्याचा प्रश्न तसाच होता, आणि तो सुटला तो चाळणीपाशी. मी गंगाक्कांना विचारले, नायटा असलेली पोरे कोणती. त्यांनी बोटांवर नावे सांगितली आणि पुढे म्हणाल्या, "ह्यास्नी घरचा लंगोट न्हाई गे. तालमीतलं चारच हाईत, तेच आलटून पालटून नेसत्यात. पावसात वाळत न्हाईत, वलंच नेसत्यात. मी सांगतीया ह्यांना कवाधरनं, उकळून काढा म्हणून. कोण ऐकतंय? लंगोट उकळला तर ताकद जाते म्हणं!" लंगोट उकळला की पैलवानाचा कस उतरतो, अशी तालमीची समजूत होती. जे बेळगावात मला कोणी शिकवले नव्हते ते धुणे धुणाऱ्या बाईला पाठ होते, आणि मी तिला विचारले नव्हते. त्या दुपारी वस्तादांनी स्वतः चूल पेटवली. लंगोट उकळताना पोरे भोवती उभी राहून, मढे जळत असल्यासारखी पाहत होती. "बघताय काय? तुमची ताकद वाफेतनं चालली, धरा!" वस्ताद म्हणाले. पोरांच्या अंगाला करंजाचे तेल लागले, नवे लंगोट गंगाक्कांनी जुन्या धोतरांचे शिवले.

जत्रेच्या आदल्या दिवशी अप्पांनी पोरांना रांगेत उभे केले आणि चष्मा पुसून एकेकाची मांडी, कंबर, पाठ पाहिली. वर्तुळे सुकली होती. पुंडलिकाच्या पाठीवर नवी कातडी आली होती. त्याची आई रांगेच्या टोकाला उभी होती, भांडायच्या तयारीने. अप्पा शेवटच्या पोरापर्यंत गेले आणि चष्मा डबीत ठेवला.

"भाजी बाजारातून आणू," ते म्हणाले.

पुंडलिक दुसऱ्या दिवशी हरला. ज्याने त्याला चीत केले त्या हल्याळच्या पोराने त्याची पाठ पुसायला हात पुढे केला, तेव्हा तो म्हणाला, "हळू, तिथं दुखतंय." त्या मातीत चार गावांची, एका रेल्वे स्टेशनाची आणि एका आढ्याची माती होती. मी ती कुंपणापलीकडूनच पाहिली.

पुढे महाविद्यालयात साबण कसा होतो ते शिकले. तेलाशी चुना मिळाला की पाण्यात न विरघळणारा, चिकट, दाणेदार साबण तयार होतो. वीस वर्षे त्या मातीत मुरलेल्या तेलाचा मी एका दुपारी साबण केला होता. त्या धड्याच्या दिवशी मी एकटीच हसले, आणि मग हसू येईना. आज मी ज्या खोलीत उभी राहून शिकवते तिथवर पोहोचताना मला अनेकांनी हात दिला, त्यांचे ऋण मी जाहीरपणे मानते. ज्याने माझी चूक स्वतःच्या नावावर घेऊन मला पुन्हा चुकण्याची संधी दिली, त्याचे मात्र नाव मला घेता आले नव्हते. घेतले असते तर त्याने वाचवलेले बुडाले असते.

या वर्षी वस्ताद तालीम सोडत आहेत. पुंडलिकच आता त्यांची जागा घेणार आहे. लिहायची हीच वेळ, असे मला वाटले, पण आधी अप्पांना आणि वस्तादांना विचारणे भाग होते. अप्पा आता माझ्याजवळ राहतात. मी त्यांना सगळे सांगितले. त्यांनी वर्तमानपत्र खाली केले नाही. "पिंपाचं झाकण तू उलटं ठेवलं होतंस," ते म्हणाले. "रवळूने कधी ठेवलं नसतं." म्हणजे छपराच्या त्या खांबाला टेकून ते सारे जाणून उभे होते, आणि खोटे ऐकून घेत होते.

वस्तादांना पत्र पाठवले. अजूनही तालमीला बट्टा लागेल अशी भीती असेल तर लिहिणार नाही, असे कळवले. त्यांनी पुंडलिकाकडून लिहून घेतलेले कार्ड आले: "खुशाल लिही. आता हौदाला काय होत न्हाई. पण चुकलं चुकलं एवढंच लिहू नको. चुना किती टाकलास, ते बरोबर लिही. उद्या दुसरं कोण शानं निघालं तर त्याला कळाय पायजे."

मी आठवू लागले. दोन पाट्या असतील. तीन असतील. पाटी भरलेली होती की अर्धी, तेही सांगता येईना. तराजू शाळेत होता. मी त्याला हात लावला नव्हता. आज माझ्या हाताखालच्या मुलांनी एक थेंब न मोजता टाकला तर मी त्यांना प्रयोग पुन्हा करायला लावते. दोन दिवस कार्ड टेबलावर पडून राहिले. मग मी एका ओळीत कळवले: वस्ताद, मोजला नव्हता.

उत्तर काल आले. या खेपेला अक्षर पुंडलिकाचे नव्हते. मोठमोठी, एकमेकांपासून दूर दूर उभी असलेली अक्षरे त्यांची स्वतःचीच असावीत.

"मग तेच लिही."